200 मिनिटांचा हिशेब

मार्च सरत आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच विषय उरतो: पुढच्या वर्षी कोण राहणार, कोण जाणार, कोण येणार. बहुतेक चर्चा दोनच आकड्यांभोवती फिरते, शाळेतल्या पोराला भरती-तज्ज्ञांनी किती स्टार दिलेत आणि पोर्टलमधल्या, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतल्या, खेळाडूने गेल्या वर्षी सामन्यामागे किती पॉइंट काढले. मला हे दोन्ही आकडे सुरुवातीला बाजूला ठेवावेसे वाटतात. सामना 40 मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे कोचकडे वाटायला 200 मिनिटं. ना एक जास्त, ना एक कमी. ही मिनिटं कागदावर वाटून पाहिली की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात.

उदाहरण म्हणून केंटकी विद्यापीठाचा संघ घेऊ, कारण 2024 च्या वसंतात तिथे पाटी अक्षरशः कोरी झाली होती. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओकलंडकडून 80-76 असा पराभव, एप्रिलमध्ये कोच जॉन कॅलिपरी आर्कान्सॉला रवाना, आणि काही दिवसांतच मार्क पोप नवे कोच. रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम एनबीएच्या ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीला, गेले, अँटोनिओ रीव्ह्जची कॉलेजकडून खेळायची पात्रता संपली, डीजे वॅगनर, अडू थिएरो आणि झ्वोनिमिर इव्हिशिच कॅलिपरींमागोमाग आर्कान्सॉला गेले, ॲरन ब्रॅडशॉ ओहायो स्टेटला. आधीच्या मोसमातला स्कॉलरशिपवरचा एकही खेळाडू उरला नाही. येऊ घातलेल्या फ्रेशमनपैकी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंपैकी) बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स आणि बिली रिचमंड आर्कान्सॉकडे वळले, जेडन क्वेन्टन्स ॲरिझोना स्टेटला. ट्रॅव्हिस पेरी तेवढा राहिला.

200 पैकी 200 मिनिटं रिकामी. इथे पोपनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी नावं गोळा केली नाहीत, कामं भरली. बॉल हाताळायला आणि समोरच्या गार्डला (बॉल चालवणाऱ्या खेळाडूला) रोखायला सॅन दिएगो स्टेटचा लॅमॉन्ट बटलर, 2023 च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, शेवटच्या क्षणी शॉट मारून सामना जिंकून देणारा. त्याला पर्याय म्हणून केर क्रीसा. डेटनचा कोबी ब्रेया, 2023-24 मध्ये तीनच्या रेषेबाहेरून जवळपास 50 टक्के अचूक. ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार, बीवाययूहून (ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून) पोपबरोबर आलेला जॅक्सन रॉबिन्सन. मध्ये ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स आणि ओक्लाहोमा स्टेटचा ब्रँडन गॅरिसन. बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरची 40 मिनिटं बहुतांशी या दोघांतच वाटली गेली.

त्या उन्हाळ्यात अनेकांचा आक्षेप असा की यात एकही मोठा स्कोअरर नाही. हा आक्षेप मिनिटांपेक्षा बॉलच्या हिशेबाने तपासावा. एखादा खेळाडू कोर्टवर असताना संघाच्या एकूण चालींपैकी किती चाली त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने किंवा टर्नओव्हरने (बॉल गमावण्याने) संपतात, त्याला युसेज म्हणतात. कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज 100 टक्के, म्हणजे सरासरी 20. छोट्या लीगमध्ये 28-30 टक्के बॉल स्वतःकडे ठेवणारे तीन गार्ड एकत्र आणले, तर त्यातल्या दोघांना नव्या जागी खूप कमी बॉलवर खेळायला शिकावं लागतं, आणि सगळ्यांना ते जमत नाही. ‘18 पॉइंटवाला आला, 17 वाला आला, 15 वाला आला, झाले 50’ ही बेरीज म्हणूनच चुकते. पोपनी नेमकं उलट केलं. कमी बॉलवर नीट खेळलेली माणसं आणली आणि त्यातल्या एकाला मोठं होऊ दिलं. ओक्लाहोमात 11 च्या आसपास असलेला ओवे केंटकीत 16 च्या वर गेला.

संघाने ड्यूकला 77-72 असं हरवलं, नियमित मोसमात टेनेसीला दोनदा हरवलं, स्वीट सिक्स्टीन, म्हणजे शेवटच्या सोळा संघांची फेरी, गाठली. मग तिथेच टेनेसीने 78-65 असा हिशेब चुकता केला. कमी काय पडलं हे डिसेंबरपासूनच दिसत होतं. क्रीसाचा पाय गॉन्झागाविरुद्धच्या सामन्यात दुखावला आणि त्याचा मोसम नऊ सामन्यांत संपला. जानेवारीत बटलरचा खांदा गेला, तो परतला, मार्चमध्ये पुन्हा दुखावला. रॉबिन्सनच्या मनगटाने अखेर शस्त्रक्रियेपर्यंत नेलं. तिघेही बॉल पुढे नेणारे! काही वेळा तर सेंटर विल्यम्सच रिबाउंड घेऊन स्वतः बॉल कोर्टच्या पलीकडे नेत होता. त्याची नजर आणि पास सुरेख, तरी दबाव टाकणाऱ्या संघासमोर हा कायमचा तोडगा नव्हे.

म्हणून कागदावर रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) मांडताना माझी पहिली कसोटी हीच असते: दबावाखाली बॉल नेऊ शकणारे किमान तीन जण आहेत का? दोन असले की ऑक्टोबरमध्ये सगळं छान दिसतं. एकाचा घोटा मुरगळला की दुसऱ्याला 36 मिनिटं खेळावं लागतं, त्याचे पाय थकतात, शॉट आखूड पडू लागतात, आणि फेब्रुवारीत लोक म्हणतात की शूटिंग बिघडलं. बिघडलेलं असतं गार्डचं वाटप.

आता जाणाऱ्यांचा हिशेब. हा भाग रुक्ष आहे, पण चाहत्यांची सर्वात जास्त फसगत इथेच होते. पाच वर्षांत चार मोसम हा मूळ नियम. 2020-21 चा कोविड मोसम मोजला गेला नाही म्हणून मधली काही वर्षं पंचवीस वर्षांचे खेळाडूही दिसत होते. दुखापतीचं वर्ष परत मिळवायचं असेल तर ती मोसमाच्या पूर्वार्धात झालेली हवी आणि खेळलेले सामने 30 टक्क्यांच्या आत हवेत. क्रीसा नऊच सामने खेळला होता, म्हणून तो पुढच्या वर्षी सिनसिनाटीकडून उतरू शकला. फेब्रुवारीत जायबंदी झालेल्या सीनियरबद्दल (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूबद्दल) कोणी ‘मेडिकल मिळेल’ म्हणत असेल तर आधी तारीख बघा.

ड्राफ्टच्या बाबतीत वयाचा नियम पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात खेळाडूला 19 पूर्ण व्हायला हवीत, आणि अमेरिकेत शिकलेल्याच्या हायस्कूलच्या बॅचला बाहेर पडून एनबीएचा एक मोसम उलटलेला हवा. कूपर फ्लॅगचा जन्म 21 डिसेंबर 2006 चा. त्याने शाळा एक वर्ष आधी आटोपून 2024 ला ड्यूक गाठलं आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. जन्म आणखी अकरा दिवस उशिराचा असता तर त्याला एक वर्ष थांबावं लागलं असतं. क्वेन्टन्स जुलै 2007 चा. ॲरिझोना स्टेटमध्ये पहिलं वर्ष कितीही चांगलं गेलं असतं तरी 2025 चा ड्राफ्ट त्याच्यासाठी बंदच होता. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असतानाही तो पोर्टलमध्ये इतका मागणीचा का होता, याचं एक कारण हेच: तो अजून एक वर्ष कॉलेजमध्ये राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी तो केंटकीतच आला, एक वर्ष उशिरा. भरतीत नकार मिळाल्यावरही कोच मंडळी गोड बोलतात त्यामागे असेच अनुभव असतात.

ड्राफ्टला नाव देणं म्हणजे जाणं नव्हे. मेच्या मध्यात शिकागोत कंबाइन (ड्राफ्टआधीची चाचणी) होतं, आणि कॉलेजमध्ये परतायचं असेल तर एनसीएएची (कॉलेज खेळांच्या नियामक संघटनेची) मुदत त्यानंतर साधारण दहा दिवसांनी, मेअखेर संपते. 2025 मध्ये ती 28 मे होती. ओवे आणि फ्लोरिडाचा ॲलेक्स कॉन्डन दोघेही तेव्हा माघारी फिरले. एप्रिलच्या कागदावर अशा खेळाडूसमोर मी 30 मिनिटं लिहून ठेवतो, पण पेन्सिलीने.

पोर्टल 2018 मध्ये सुरू झालं तेव्हा ती फक्त नावांची यादी होती. 2021 पासून एकदा बदली केली तर वर्षभर बसावं लागत नाही, आणि 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदली करता येते. खिडकीही आकसत गेली: 2024 मध्ये 45 दिवस, 2025 मध्ये 24 मार्च ते 22 एप्रिल असे 30 दिवस, आणि 2026 पासून अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून फक्त 15 दिवस. ही खिडकी नाव नोंदवण्याची आहे, नवं कॉलेज निवडण्याची नाही. खेळाडूने मागणी केल्यावर कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव टाकायचं असतं, त्यामुळे शेवटच्या दिवसानंतरही यादीत नवी नावं उगवतात. घाबरून जाऊ नये. नाव टाकलेला खेळाडू परतही येऊ शकतो, पण जुन्या कॉलेजला त्याची स्कॉलरशिप चालू ठेवायचं बंधन नसतं, आणि बहुतेकदा तोवर त्याची मिनिटं दुसऱ्याला देऊन झालेली असतात. नावासमोर ‘संपर्क करू नये’ अशी खूण असेल तर त्याचं ठिकाण जवळपास ठरलेलं समजावं.

आयव्ही लीगकडे (येल, प्रिन्स्टनसारख्या जुन्या विद्यापीठांच्या गटाकडे) मात्र वेगळी नजर हवी. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाही आणि पदवीनंतर खेळायची परवानगीही नाही, त्यामुळे पात्रता शिल्लक असलेल्या सीनियरला दुसरीकडे जावंच लागतं. आता तर त्याआधीच मोठ्या संघांचे फोन येतात. येलचा डॅनी वुल्फ 2024 मध्ये मिशिगनला गेला, प्रिन्स्टनचा झेव्हियन ली 2025 मध्ये फ्लोरिडाला.

जागा किती, हे 2025 मध्ये बदललं. आधी 13 स्कॉलरशिप असत. खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीला 6 जून 2025 रोजी मंजुरी मिळाली आणि 1 जुलैपासून तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही. त्याऐवजी रोस्टरवर जास्तीत जास्त 15 जण. वॉक-ऑनसुद्धा (स्कॉलरशिपशिवाय खेळणारे) त्याच पंधरांत. शिवाय कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. या रकमेचा सिंहाचा वाटा बहुतेक ठिकाणी अमेरिकन फुटबॉल खातो. म्हणून बिग ईस्ट लीगमधल्या सेंट जॉन्ससारख्या, फुटबॉलचा मोठा संघ नसलेल्या कॉलेजला बास्केटबॉलवर जास्त जोर देता येतो. एखादा खेळाडू ‘मोठं’ कॉलेज सोडून तिकडे का चालला, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. पंधरा जागा दिसल्या म्हणून पंधरा चांगले खेळाडू येतील असं मात्र नाही. आठ-नऊ जणांतच 200 मिनिटं संपतात, आणि दहाव्या क्रमांकाचा चांगला खेळाडू पुढच्या एप्रिलमध्ये पोर्टलमध्ये असतो. दहावा ते तेरावा या जागा तरुण, वाट पाहायला तयार असलेल्या पोरांसाठी ठेवणारा कोच मला जास्त शहाणा वाटतो.

परदेशी खेळाडूंचा व्यवहार आपल्या लोकांना चटकन कळेल, कारण पर्ड्यू किंवा इलिनॉयला एमएस करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या पासपोर्टवर असतो तोच एफ-1 व्हिसा यांच्याही पासपोर्टवर असतो. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करायचं नाही, हा नियम कॅनडाच्या, सात फूट चार इंचांच्या झॅक इडीलाही लागू होता. त्यामुळे तो पर्ड्यूत असताना अमेरिकन सहकाऱ्यांसारख्या जाहिराती सरसकट करू शकत नव्हता. केंटकीचा काँगोहून आलेला ऑस्कर चिब्वे 2022 च्या उन्हाळ्यात संघ बहामाजला गेला तेव्हा तिथल्या तिथे जाहिरातींची कामं उरकून आला, कारण ते काम अमेरिकेच्या भूमीवर झालंच नाही. युरोपातून मोठा खेळाडू येणार अशी बातमी आली की पैशाआधी दोन गोष्टी विचाराव्यात: व्हिसा, आणि एनसीएएची पात्रता. इव्हिशिचला केंटकीकडून पहिला सामना खेळायला 20 जानेवारी 2024 उजाडावा लागला होता, अर्धा मोसम संपल्यावर. अशा खेळाडूला कागदावर नोव्हेंबरपासून 25 मिनिटं देणं धोक्याचं.

पोर्टलमधल्या खेळाडूचे आकडे वाचताना तीनच्या टक्केवारीवर फार विश्वास टाकू नये. 100 प्रयत्नांत 40 टक्के आणि 100 प्रयत्नांत 35 टक्के यांत फरक आहे तो पाच शॉटचा, आणि एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. दोन-तीन वर्षांचे प्रयत्न एकत्र करावेत आणि सोबत फ्री थ्रो पाहावेत. फ्री थ्रो 85 टक्के आणि थ्री 33 टक्के असलेला गार्ड मला 68 आणि 39 वाल्यापेक्षा भरवशाचा वाटतो. ब्रेयाचा आकडा खरा होता कारण तो 200 च्या आसपास प्रयत्नांवर उभा होता. केंटकीतही तो 43 टक्क्यांच्या वर राहिला. छोट्या लीगमधून वर येताना स्कोअरिंग आटतं, पण आक्रमणातले रिबाउंड, स्टील, ब्लॉक हे गुण बऱ्यापैकी टिकतात. केनपॉम आणि बार्ट टॉर्विक या आकडेवारीच्या साइट्सच्या तक्त्यांमध्ये हे सगळं मिळतं. टॉर्विककडे खेळाडू आत-बाहेर करून पुढच्या वर्षाचा अंदाज काढायचीही सोय आहे. ते यंत्र जागांचा मेळ, स्वभाव, दुखापती यांचा विचार करत नाही, त्यामुळे उत्तर हाताशी ठेवावं, डोक्यावर घेऊ नये.

2025 चा विजेता फ्लोरिडा बघा. वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. आयोनात क्लेटनचे कोच असलेले रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले तेव्हा त्यांच्यामागे न जाता तो आपल्या राज्यात परतला. आले त्या दिवशी यांपैकी एकाही नावाने देशभर खळबळ माजली नव्हती. पण तिघेही बॉल हाताळणारे, तिघेही बाहेरून मारणारे, आणि मागे कॉन्डन, थॉमस हॉ, रूबेन चिन्येलू असे एकावर एक उंच. सेमीफायनलमध्ये ऑबर्नविरुद्ध क्लेटनने 34 काढले. ह्यूस्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याला जखडून ठेवलं गेलं तेव्हा 18 पॉइंट घेऊन रिचर्ड उभा राहिला, आणि फ्लोरिडा 65-63 जिंकलं. एक बंद पडला तर दुसरा कोण, हा प्रश्न एप्रिलमध्येच विचारायचा असतो तो यासाठी.

शाळेतल्या मुलांच्या भरतीबद्दल थोडक्यात. पहिल्या पाच-सातांतली नावं सोडली तर फ्रेशमनला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नयेत. तेवीस वर्षांच्या खांद्यांशी अठरा वर्षांचे खांदे भिडतात, आणि तो फरक जानेवारीपर्यंत भरून निघत नाही. जुलैत साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टाला होणाऱ्या पीच जॅम या शाळकरी खेळाडूंच्या स्पर्धेतले व्हिडिओ पाहायचे तर शॉट सोडून बचावाकडे पाहा: दुसऱ्याचा माणूस सुटला तर हा मदतीला धावतो का, आणि धावल्यावर परत येतो का. व्हिडिओ बनवणारे हे कापून टाकतात, म्हणून शक्यतो पूर्ण सामना शोधावा.

अफवांची वर्गवारीही करायला हवी. इन्स्टाग्रामवर कोणी कोणाला फॉलो केलं याला काडीचीही किंमत नाही. अधिकृत भेट ठरली, यालाही अर्धीच, कारण एकेक खेळाडू तीन-चार ठिकाणी जाऊन येतो. ठरलेली भेट रद्द झाली, तर ती सर्वात बोलकी बातमी: एक तर त्याचं दुसरीकडे ठरलं, नाही तर कॉलेजचं दुसऱ्या कोणाशी. आणि कोचने एका जागेसाठीचे बाकीचे फोन थांबवले असं दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून कळलं, तर ती जागा भरली असं धरायला हरकत नाही. भरती-तज्ज्ञांची भाकितं शेवटच्या दोन दिवसांत बदलली जातात, त्यामुळे त्यांच्या यशाचे आकडे दिसतात त्यापेक्षा कमी वजनाचे आहेत.

जूनमध्ये कागद पुन्हा काढावा. तोवर ड्राफ्टमधून परतणारे ठरलेले असतात, पोर्टलमधले मोठे मासे गळाला लागलेले असतात, आणि उरतात त्या एक-दोन जागा. त्या मुद्दाम रिकाम्या ठेवणारे कोच असतात: जुलै-ऑगस्टमध्ये शाळेचं वर्ष उडी मारून येणारा एखादा मुलगा, युरोपातला करार न झालेला सेंटर, क्वचित त्याहूनही उशिरा कोणी. एका कॉलेजातून दुसऱ्यात डिसेंबरमध्ये आलेल्याला त्या मोसमात खेळता येत नाही, पण परदेशातून येणाऱ्याला वाट सापडू शकते. 2023 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये 31 वा निवडला गेलेला जेम्स नाजी डिसेंबर 2025 मध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, बेलरमध्ये दाखल झाला. तेव्हापासून मी सेंटरची पाच-सहा मिनिटं नाताळपर्यंत पेन्सिलीतच ठेवतो.